निम्मे मार्क मेडशीच्या बायांचे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावर बसलेले सारे मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती वैजयंती मॅडम, गुरुजन मंडळी, कॉलेजचे पोरं-पोरी, आन एसटीत उभ्यानं आलेल्या माह्या मेडशीच्या बायांनो, सगळ्यांना माझा जयभीम आणि नमस्कार.

मी विमलबाई, मेडशीच्या विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. इथं येताच एका सरांनी मले सांगतलं, "थोडं बोला, गोड बोला." आता गोड बोला म्हनलं की माह्या मनात शक येते. काहून? काय झाकाचं हाये?

मॅडम, तुमी पयल्यांदा गावात आल्या तवा मी तुमाले चहा पाजला, पन भरोसा नाई ठेवला. तुमी म्हनल्या, "आमची मुलं ऑनलाइन, म्हणजे फोनवरून, तुम्हाला शिकवतील. तुमची सेवा होईल, त्यांचं शिक्षण होईल." मी मनात म्हनलं, कॉलेजचं पोट्टं फोकटात सेवा करते? याच्यात काहीतरी गोम हाये. आन निघालीच! या सेवेचे त्यांले मार्क भेटनार होते.

शनिवारी दुपारी विहारात चटई टाकली, खुर्चीवर फोन ठेवला, आन हरीओम नावाचा पोरगा शिकवू लागला. काय शिकवलं? अ, आ, इ, ई! आता आमच्यातल्या निम्म्या बाया सातवी-आठवी शिकलेल्या. माही सून धम्मदीपा त बीएचं पयलं वर्ष करून आली, लग्न झालं आन पुढचं राह्यलं. तीबी डोक्यावर पदर घेऊन 'आईचा आ' म्हनत बसली. तुमी इचाराल, सांगतलं काहून नाई? अहो, आमच्या मंडळातली रुखमाबाई म्हने, "बोलू नका वं, त्या लेकराचे मार्क कटतीन." म्हनून आमी साऱ्या शिकलेल्या बाया महिनाभर अडानी झालो, बाप्पा!

बरं, त्याचा कॅमेरा बंद. नुसता आवाज येई. मले काही हे खरं वाटेना. एका शनिवारी मी साऱ्या बायांना उठवलं, फोन रिकाम्या चटईसमोर तसाच ठेवला, आन आमी दाराबाहेर बसून ऐकलं. आतून आवाज येते, "वा विमलबाई, छान वाचलंत! आता सगळ्या मिळून म्हणा." मी बाहेर तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती! पोरानं मागच्या शनिवारचं बोलनं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, तेच लावून हा क्रिकेट खेळाले गेला. हसू नको हरीओम, दिसून राह्यला तू मले.

मी मॅडमले फोन लावला अन् तोंडात येईन ते बोलली. दुसऱ्या दिवशी मॅडम त्याले घेऊन एसटीनं हजर. मले वाटलं, आल्या आता मले चुप कराले. पन त्या चटईवर बसल्या आन इचारलं, "तुम्हाला काय शिकायचं आहे?" हे कोनी आमाले इचारलंच नव्हतं. मंग धम्मदीपा खाली पाहून म्हने, "मले बीए पुरं कराचं हाये." मी तिची सासू, एका चुलीवर आमचं शिजते, आन मले ठाऊक नव्हतं! लय वाईट वाटलं मले.

तवा मॅडमनं कायदा केला. पोरांचे निम्मे मार्क कॉलेज देईन, निम्मे मेडशीच्या बाया. पयल्या खेपेले मी हरीओमले नापास केलं. मंग त्याचा कॅमेरा सुरू झाला, आन खरं सांगते, मंग धम्मदीपानं बीएचा फॉर्म भरला, त्यानं असं मन लावून शिकवलं की धम्मदीपा दुसरं वर्ष पास झाली. यंदा तिचं शेवटचं वर्ष हाये.

म्हनून आज मले भेव वाटते. मॅडम निवृत्त होऊन राह्यल्या. मघाशी चहापाशी दोन सर बोलत होते, "आता ते बायांचे मार्क बंद करू, कटकट आहे नुसती." माह्याकडं नजर गेली तशे एकदम पावसापाण्यावर बोलाले लागले. मी म्हातारी हाये, बहिरी नाई. मार्क आमच्या हातातून गेले की पोरांचे कॅमेरे पुन्हा बंद होतीन. मंग माही सून कोनाच्या भरोशावर परीक्षेले बसन?

प्राचार्य साहेब, तुमी मान हालवली. ती 'हो' म्हनून हालवली, का 'आटपा आता' म्हनून?

मॅडम, मी तुमच्यावर इतका शक घेतला, पन तुमी कधी तोंड वाकडं केलं नाई. तुमी चालल्या त मले रडू येऊन राह्यलं. बस, सांगतलं.

मले इथं बोलावलं, बोलू देलं, तुमी सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याचे लय आभार. जास्त बोलली असन, कोनाले लागलं असन, त घरची बाई समजून माफ करा. जयभीम.

पन मी अजून खाली बसत नाई. साहेब, हा माईक घ्या. धम्मदीपा तिथं दाराजवळ उभी हाये. बायांचे मार्क राहतीन का नाई, तिच्याकडं पाहून सांगा.