मालक एकटेच आहेत

क्रिस्टिनाच्या खुनाबद्दल तिच्या जहाजमालक नवऱ्यावर तुर्कूच्या न्यायालयात खटला चालू होता. तिची थोरली बहीण मार्गारेटा बाहेर बाकावर बसली होती. ती कोण, हे शेजारी बसलेल्या, जहाजमालकाचं बेटावरचं घर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला ठाऊक नव्हतं.

"अहो, आत काय सांगणार?"

"मालकांचा हुकूम झाला, म्हणून बेटावरचा सॉना तापवला."

"आणि टॉवेल किती ठेवलेत?"

"दोन. एक मालकांचा, एक त्या बाईचा."

"आणि मालकिणीचा फोन आला तेव्हा?"

"मालक एकटेच आहेत, म्हटलं. इतकी वर्षं तेच म्हणत आलो, हिल्मा. बिचारी हरखली. म्हणाली, मग केक घेऊन येते, त्यांना सांगू नका."

"आणि आली ती मरायलाच."

"हळू बोल गं."

"रविवारी देवापुढे कसे खड्या आवाजात गाता! तोच आवाज आज लावा."

"देव क्षमा तरी करतो. आत तिची बहीण असेल. तिच्या तोंडाकडे कसं बघू?"

शिपायाने उर्होचं नाव पुकारलं. टोपी चुरगाळत म्हातारा उठला.

"बाई, साक्षीदारांनी इथूनच जायचं ना?"

"इथूनच." मार्गारेटाने दार उघडून धरलं. "आत माझ्याकडेच बघून बोला."