डावा हात खाली येतो तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष दंतवैद्यसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले कोच, त्यांच्या शेजारच्या फिजिओताई, ज्यांच्या लाकडाच्या गोदामात ही व्यायामशाळा सुरू झाली ते वखारवाले काका, समोर बसलेले पालक, इथे रोज घाम गाळणारी मुलंमुली, आणि जिच्या कौतुकासाठी व जिला निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ती माझी लेक,

आरंभीच एक कबुली देतो. मी वक्ता नाही. पस्तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली. त्या खटखटीत मला सोबत होती ती शाळेच्या पुस्तकातल्या कवितांची. त्या अजून तोंडपाठ आहेत. एखादी ओठांवर आली की वर्गाच्या खिडकीतलं दुपारचं ऊन, बाकावर सांडलेली शाई, कडव्याच्या शेवटी गुरुजींचा खाली येणारा आवाज, सगळं समोर उभं राहतं आणि मी भरकटतो. अध्यक्षांना हे ठाऊक आहे. म्हणून त्यांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. दात काढताना ते जसं ‘झालंच, झालंच’ म्हणतात, तसं मलाही मागून म्हणणार आहेत.

विषय दिलाय, ‘हिला हरवणं इतकं अवघड का?’ ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या या जाळीतल्या खेळात बारा लढती, त्यातल्या नऊ नॉकआउट. लोकांना वाटतं, हाताला राक्षसी जोर असणार. अहो, बरणीचं झाकण अडलं तर ती माझ्याकडे आणून देते.

मग काय आहे तिच्याकडे? पहिलं म्हणजे अंतर. समोरचीच्या हाताच्या पल्ल्यापासून ती वीतभर लांब उभी असते, आणि ती वीत कधी गिळते ते कळत नाही. दुसरी गोष्ट, धास्ती. तिसरी फेरी संपेपर्यंत पंधरा मिनिटं समोरचीला क्षणोक्षणी सावध राहावं लागतं. हिला त्यातला एक क्षण पुरतो. पुढे यावं तर ठोसा, मागे राहावं तर गुण जातात, पाय धरून पाडावं म्हणून वाकावं तर गुडघा तयार. बिचारी मार खाण्याआधीच निम्मी दमते.

आणि तिसरा, ताल. इथे मात्र थोडं श्रेय मी घेतो. आमच्या घरात एक लांबट बोळ आहे, चौकोनी फरश्यांचा. ही लहान असताना मी कविता म्हणायचो आणि ही त्या ठेक्यावर एकेका फरशीवर पाऊल टाकायची. ओळीच्या मध्ये श्वासापुरतं थांबायचं असतं, त्या जागेला यती म्हणतात. मी थांबलो की ही पुढच्या फरशीवर. मी म्हणायचो, “अगं, इथे थांबायचं असतं.” ती म्हणायची, “तुम्ही थांबा. मी जाते.” आजही ती तेच करते. समोरची श्वास घेते, वजन या पायावरून त्या पायावर नेते, आणि ही नेमकी तेवढ्या पोकळीत आत शिरते.

हसताय ना? हसा. पुढचं सांगणं मला जड जाणार आहे.

तिचं खरं हत्यार आहे तो सापळा. इथल्या पोरांना तो पाठ आहे. ती एक पाऊल मागे जाते, डावा हात हनुवटीवरून खाली सोडते, नजर थोडी विझल्यासारखी करते. समोरचीला वाटतं, सापडली. ती धावून येते आणि उजव्या ठोशावर येऊन आदळते. नऊपैकी सहा जणी अशाच पडल्या.

आता मागच्या लढतीचं. मी तिच्या कोपऱ्यात होतो. जाळीच्या बाहेर कोच, मी आणि माझ्या हातात टॉवेल. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आपला खेळाडू धोक्यात आहे असं वाटलं तर कोपऱ्यातल्या माणसाने टॉवेल आत फेकायचा. लढत तिथे थांबते, आपण हरतो. तो मान कोचनी मला दिला होता, वय बघून. फेकायची वेळ कधी येणार नाही, असं सगळ्यांनी धरलेलं.

दुसऱ्या फेरीत तिच्या कानशिलावर लाथ बसली. ती एक पाऊल मागे गेली. डावा हात खाली आला. नजर विझली. आणि मी टॉवेल उचलला.

कोचनी माझं मनगट धरलं. “बाबा, सापळा आहे. दम धरा.” मी म्हटलं, “नाही हो, हा सापळा नाही.” “अहो, मी शिकवलाय तिला तो.” दोन श्वास गेले असतील. समोरची धावून आली, हिचा उजवा हात गेला, आणि लढत संपली. आज त्याच ठोशाचं चलचित्र आपण तीन वेळा पाहिलं. अध्यक्ष मघाशी गमतीने म्हणाले, “यांनी टॉवेल टाकला असता तर आज सत्कार कुणाचा केला असता?” बरोबर आहे त्यांचं.

फक्त एवढं सांगतो. परत येताना गाडीत तिने मला विचारलं, “बाबा, मी जिंकले का?” मी म्हटलं, “हो गं.” तिने खिडकीबाहेर पाहिलं. सिग्नल लागला. “बाबा, जिंकले का मी?” “जिंकलीस, बाळा.” पूल ओलांडला, आणि तिने तिसऱ्यांदा विचारलं, त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं.

माझ्याकडे अशी बघू नकोस. मला माहीत आहे, हे घरचं आहे. तपासण्या झाल्या, सगळे कागद स्वच्छ आले, डॉक्टरांनी परवानगीही दिली. मी शिवणयंत्रवाला, त्यांच्यापुढे काय बोलू?

या शनिवारी विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत आहे. या संधीसाठी अकरा वर्षं थांबली ती. उद्या सकाळी सगळे निघतील. परवा काकडी चिरता चिरता मला म्हणाली, “बाबा, शनिवारी तुम्ही खुर्चीत बसा. तिसऱ्या रांगेत जागा मिळवलीये, मस्त दिसतं तिथून.”

“आणि कोपऱ्यात?”

“फिजिओताई. तुमचा हात फार लवकर उचलला जातो.”

“तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस गं.”

सुरी थांबली. “मला नाही आठवत, बाबा. पण हात गेला ना?”

हात गेला, हे खरंच आहे. तेहतीस वर्षांच्या लेकीला घरात कोंडून ठेवता येत नाही. आणि खरं सांगू? ज्या गुणामुळे समोरचीला काही कळत नाही, त्याच गुणामुळे पंचांना कळत नाही, कोचना कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही. सापळा आणि घाव, दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. फरक दिसत नाही, ऐकू येतो. फिजिओताई, तुम्हाला ऐकवतो. मी या टेबलावर बोटं वाजवतो.

हा सापळा. मागचा पाय आधी, मग पुढचा, मध्ये केसाएवढी जागा. आणि हा घाव. दोन्ही पाय एकदम. जागा नाही. श्वासच नाही तिथे.

आता मी एक वाजवतो, तुम्ही सांगा. काय म्हणालात, सापळा? नाही ताई. पुन्हा ऐका. आताही सापळाच वाटला? कोच, तुम्ही सांगता? नाही हो. हाही घावच होता.

अगं, तू तरी सांग. तुझेच पाय आहेत. हे बघ, परत वाजवतो.

नाही कळलं?

बरं. असू दे, असू दे. बस तू.

अध्यक्षमहाराज, झालंच. आपण मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, माझ्या लेकीला अकरा वर्षं या छपराखाली जपलंत, त्याचे आभार मानायला माझ्या सगळ्या पाठ कविता एकत्र केल्या तरी कमी पडतील. तिने जिंकावं, असं मलाही वाटतं. तेही खोटं नाही.

आता एक मागणं आहे. शनिवारी आपण सगळे तिथे असाल. आपण ओरडाल, टाळ्या वाजवाल, ते रीतसरच आहे. पण तिचा डावा हात खाली आलेला दिसला, तर तेवढे दोन श्वास गप्प राहाल का? तिसऱ्या रांगेतून मला तिचे पाय ऐकू येणार नाहीत. ऐकू आले तरी माझ्या हातात टॉवेल नसणार, हे मला कळतं. तरी मागतोय. म्हाताऱ्या बापाचं अवाजवी बोलणं समजून पोटात घाला.