काळं वेगळं, जळकं वेगळं

चामडं! ओलं चामडं! नाही, तुम्हीच सांगा, पिण्याच्या वस्तूला चामड्याचा वास आला तर शहाण्या माणसानं काय करावं? ओतून द्यावी, भांडं तीनदा घासावं, गप बसावं! आमच्या मिसळीत चामडं लागतंय असं एका जरी गिऱ्हाइकानं म्हटलं ना, तर मी शटर ओढून गावी सायखेड्याला जाऊन बसेन, परत नाशकात तोंड दाखवणार नाही. आणि इथं तो दाढीवाला शेखर डोळे मिटून, मान डोलवत म्हणतो, 'वाऽऽव... शेवटी शेवटी ओलं चामडं येतंय...' आणि बाकीचे पाच जण 'हो हो, येतंय येतंय' करत वहीत उतरवून घेतात! कौतुक होतं हो ते! कौतुक!

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. मी हिरामण. अशोकस्तंभाच्या मागच्या बोळात आपलं मिसळीचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली, काळ्या मसाल्याची मिसळ. आता काळा मसाला म्हणजे काय, तर कांदा, सुकं खोबरं, धने, मिरी, दगडफूल, सगळं भाजत भाजत पार काठावर न्यायचं आणि तिथनं मागं ओढायचं. काठावरनं पडलं की गेलं! मग त्यात गूळ घाला, तेल घाला, देव पाण्यात घाला, काही उपयोग नाही. म्हणून माझ्याकडे जो कोणी कढईपाशी उभा राहतो त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, बाबा रे, काळं वेगळं, जळकं वेगळं!

आणि मी चाखत नाही हं. वास घेतो. पहिला वाटा सप्तशृंगीच्या फोटोपुढे जातो, त्याआधी उष्टं कसं करणार? म्हणून बत्तीस वर्षं सगळा कारभार नाकावर. तळहातावर एक थेंब घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा... मीठ कमी असेल तरी कळतं मला. हसू नका, खरं सांगतोय.

तर आमची योगिनी. एकुलती एक. मायक्रोबायोलॉजी केलं तिनं. म्हटलं, लागेल कुठल्यातरी लॅबमध्ये, लोकांचं रक्त तपासेल, लघवी तपासेल, चार पाहुण्यांत ताठ मानेनं सांगता येईल. तर ही गेली गंगापूर रोडच्या एका पबात बिअर करायला! अहो, वाईन म्हटली असती तर एक वेळ चाललं असतं, दिंडोरीत आमचे अर्धे सोयरे वाईनवाल्यांना द्राक्षं घालतात, त्यात काय लाज नाही. पण बिअर! माझ्या दुकानात माझ्याच अक्षरात पाटी आहे, 'दारू पिऊन आत येऊ नये'. साठ वर्षांत थेंब शिवला नाही मी, लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही, आणि माझी पोरगी टाकीत शिरून दारूची टाकी घासते! दोन वर्षं घासली बिचारीनं. हाताची सालं निघाली. मग एकदाची तिला स्वतःची बिअर करायला मिळाली, पोर्टर म्हणून. मी विचारलं, 'पोर्टर म्हणजे हमाल ना गं?' तर म्हणाली, 'हो बाबा, लंडनच्या हमालांचीच ती.' म्हटलं, मग भाव तरी हमालाला परवडेल असा ठेवा!

पण पोर काकुळतीला आली होती हो. म्हणाली, 'बाबा, सोमवारी चव बघायला माणसं येणारेत. त्यांना आवडली तर ती कायमची पबच्या बोर्डावर लागेल आणि रविराज मला ब्रुअर करेल. नाही आवडली तर परत टाक्या. तुम्ही या. नुसते बसा. मला धीर येईल.' रविराज म्हणजे तिचा मालक, तीस वर्षांचा, पायात चपला, डोक्यावर केसांचा बुचडा. आता सोमवारी आमचं दुकान बंद, आणि लेक नुसतं बस म्हणतेय, तर बापानं जाऊ नये का? निघताना आमची प्रतिभा, म्हणजे मंडळी आमची, दारापर्यंत आली. 'अहो, तिकडं तोंड उघडू नका.' म्हटलं, 'मी काय लहान आहे?'

गेलो. टेबलावर सहा जण, मी सातवा, कुणी ओळख विचारली नाही. पुढ्यात ग्लास, त्यात काळंभोर काहीतरी, वर तपकिरी फेस, शेजारी बिस्किटं. बिस्किटं कशाला? तर म्हणे जीभ साफ करायला! अरे, घरून घासून येत नाही का तुम्ही? मग सुरू झालं एकेकाचं. एक म्हणे कॉफी येतेय. दुसरी म्हणे डार्क चॉकलेट. तिसऱ्याला मनुका सापडल्या, चौथ्याला तंबाखू. मी ग्लासात बघतोय, म्हटलं दिसत तर काहीच नाही. आणि मग तो शेखर... ओलं चामडं!

आता मी प्यायचं तर नाही. पण लोक बघतायत, करायचं काय? म्हणून आपला ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, फिरवला, नाकापाशी नेला, वास घेतला. खाली ठेवला. परत घेतला. वेळ काढत होतो हो मी! दहा मिनिटं नुसता वास! आणि मग सवयीनं... सवयीनं बरं का, बत्तीस वर्षांची सवय... तळहातावर एक थेंब टाकला, चोळला आणि हुंगला.

सगळे माझ्या तळहाताकडे बघायला लागले. शेखर शेजारणीला हळूच म्हणतो, 'हे सर कोण आहेत? बघ ना, सिपच घेत नाहीयेत. फक्त नोजिंग!' ती म्हणते, 'युरोपमध्ये असंच करतात.' युरोप! मी नाशिक रोडच्या पलीकडे गेलो की मला मळमळतं! पण तोवर सगळ्यांनी आपापल्या तळहातावर थेंब घेतले, आणि सहा शिकली-सवरलेली माणसं तळहात हुंगत बसली. आणि रविराज हात जोडून पुढे. 'सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत. प्लीज.'

टाकीपाशी योगिनी उभी. डोळ्यांनी सांगतेय, बाबा, नको. आणि मी मनात ठरवलेलं होतं हो, 'बरं आहे' म्हणायचं आणि उठायचं. दोन शब्द! कुणाच्या बापाचं काय जाणार होतं? पण नाकात तो वास बसलेला... जिभेच्या मुळाशी कडवट राख ठेवणारा... तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडातून गेलंच.

'जळलंय.'

शेखर ताडकन उठला. 'एक्झॅक्टली! मी हेच म्हणणार होतो!' अरे लबाडा, तू आत्ता चामडं म्हणत होतास! ती चॉकलेटवाली म्हणाली, 'मलाही जरा करपट वाटत होतं, पण म्हटलं कसं बोलायचं.' मनुकावाल्यानं वहीतलं खोडलं! मी घाबरलो. म्हटलं, 'अहो, माझं काय ऐकता, माझं मिसळीचं दुकान आहे!' तर हसले. म्हणे किती विनम्र आहेत सर! म्हटलं, 'ही माझी मुलगी आहे हो!' तर रविराजचे डोळे भरून आले. 'स्वतःच्या मुलीची बिअर! तरी खरं बोलले!' आता कुठं डोकं आपटू सांगा? काळं वेगळं, जळकं वेगळं, एवढंच म्हणणं होतं माझं, आणि संध्याकाळपर्यंत दोनशे लिटर गटारात!

योगिनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बोलली नाही नुसती. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस. ताट पुढे सरकवायची आणि निघून जायची. आणि प्रतिभाचा पट्टा चालू, 'परक्यांनी नावाजलं आणि बापानं नाक मुरडलं! तंबाखू आली म्हणाले ना ते? मग तुम्हाला काय धाड भरली होती?' अहो पण जळलं होतं! 'जळू दे! पोरीचं होतं ना?' दुकानात गल्ल्यावर बसायचो आणि हिशेब चुकायचा. पोरीच्या हाताची सालं डोळ्यापुढे यायची.

दहाव्या दिवशी पहाटे पाचला मी कढईपाशी उभा, खोबरं भाजतोय, तर मागून आवाज. 'दाखवा.' योगिनी! हातात वही. मी खोबरं हलवत राहिलो, म्हटलं बोललो की बिघडतं. खोबरं तपकिरी झालं, आणखी गडद झालं, ती म्हणाली, 'अजून कुठं काळं झालंय?' मी आच बंद केली आणि सगळं परातीत ओतलं. 'बघत राहा,' म्हटलं. परातीत पडल्यावर चढत चढत गेला रंग, अगदी काळ्यापर्यंत, आणि तिथं थांबला. 'आतली धग असतेच गं. कढईत ठेवलं असतं तर गेलं असतं. तुझे ते बिअरचे जव भाजून झाल्यावर तू आच बंद करून भांड्यातच ठेवले होतेस ना?'

तिनं वहीची पानं मागं उलटली. 'भाजायच्या ड्रममध्ये. रविराजचा फोन आला होता. दहा मिनिटं.'

'मग मी काय म्हणालो!'

'बरोबर म्हणालात. पण सगळ्यांसमोर म्हणायचं होतं का बाबा?'

तुम्हाला सांगतो, मला जन्मात कुणापुढे 'चुकलं' म्हणायचं काम पडलं नव्हतं. त्या दिवशी म्हणालो. चुकलं बाई माझं. ती 'हं' म्हणाली आणि परातीतलं खोबरं हुंगायला लागली.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! तिनं नव्यानं बिअर लावली, तीन आठवडे गेले, आणि रविराजनं काय अट घालावी? 'त्या सरांनी पास केली तरच बोर्डावर!' माझ्याच लेकीची नोकरी माझ्याच गळ्यात! गेलो परत. टेबल तेच, बिस्किटं तीच, शेखर तोच. मी वास घेतला. स्वच्छ! राखेचं नाव नाही. म्हटलं, 'पास.' उठायला लागलो, तर रविराज म्हणतो, 'नाही सर, ह्या वेळी सिप घ्यावा लागेल. नुसत्या वासावर मी बोर्ड बदलणार नाही.'

बघा! बघा माणसं कशी असतात! मी योगिनीकडे बघितलं. ती म्हणाली, 'बाबा, नका घेऊ. राहू दे. मी घासेन टाक्या.' आणि खरंच सांगत होती हो ती, मनापासून. मग काय करतो? घेतला ग्लास. सप्तशृंगी आईची क्षमा मागितली, डोळे मिटले आणि एक घोट...

कॉफी आली हो! मेली खरंच आली! मागून चॉकलेट आलं! तो मनुकावाला खोटं बोलत नव्हता, मनुकासुद्धा आल्या! गडद, गुळगुळीत, काठापर्यंत भाजलेलं आणि काठावरच थांबलेलं... माझ्या पोरीनं थांबवलेलं. संताप झाला माझा! चामडं तेवढं नाही आलं, देवाशपथ, पण बाकी सगळं आलं. कधी, तर साठाव्या वर्षी! ग्लास कधी रिकामा झाला कळलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, रविराज हात जोडून उभा, म्हटलं आता काहीतरी शोभेलसं बोलावं, युरोपसारखं... आणि मी रिकामा ग्लास पुढे करून काय म्हणावं?

'योगिनी... रस्सा वाढ गं जरा.'