शास्त्रीबुवांची पूर्व

...आणि वर शास्त्रीबुवा मलाच म्हणतात, "गंगाधरपंत, तुमच्या घराला पूर्वच नाही!" अहो, नाही म्हणजे काय? नव्या पेठेत कापडदुकानाच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा मी नळाचं विचारलं, ढेकणांचं विचारलं, पूर्व आहे का हे कोण विचारतं? तुम्ही विचारलं होतं? तुम्हाला सांगतो, माणसानं तोंड करायचं तरी कुठं!

तर झालं काय, रविवारी आमच्या लीलाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला वेणीमाधवशास्त्री जेवायला यायचे होते. मोठा माणूस! हायस्कुलात संस्कृत शिकवतात, शब्दाचं मूळ खणल्याशिवाय पाणी पीत नाहीत. मुलगा बाळू नुकताच मास्तर लागलेला, गुणी पोरगा. आणि त्याच संध्याकाळी करकंबचे लोक होकार न्यायला यायचे होते. करकंबचं स्थळ म्हणजे बिजवर, दोन पोरांचा बाप, मिशा पांढऱ्या... पण आईनं हाय खाऊन त्यांना अर्धा शब्द देऊन ठेवलेला. सकाळी लीला पोळ्या लाटता लाटता खालमानेनं म्हणाली, "दादा, करकंब नको रे." एवढंच. पण ते ऐकल्यापासून मी नुसता घरात येरझारा घालतोय, दारात जातोय, परत येतोय, आई म्हणते, "अरे, एका जागी बस," बसू कसा?

शास्त्रीबुवा आले. सोबत त्यांची बायको, रुक्मिणीकाकू, त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. बेत साधा होता, लीला वाढायला येईल, बुवा सहज बघतील, जेवण होईस्तोवर हो म्हणतील. पाट मांडला स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून. बुवा पाटापाशी थबकले. "पूर्व कुठली?"

मी हात केला रस्त्याकडं. आई म्हणाली, नव्हे, मोरीकडं. एवढ्यात आमची भांडीवाली तानाबाई मोरीतून ओरडली, "अवो, उगवत तिकडं हाय की! रोज दिसतंय न्हवं!" बुवा हसले. "बाई, मार्गशीर्षातली उगवत आग्नेयेकडं झुकलेली असते. ती खरी पूर्व नव्हे." आणि खिशातून काढलं काय? होकायंत्र! जेवायला येताना माणूस पानाचा डबा आणतो, विडीकाडी आणतो, होकायंत्र कोण आणतं हो?

सुई थरथरली, फिरली, थांबली. अन् आमची खरी पूर्व निघाली कुठं? जात्याच्या कोपऱ्यात! नवी पेठ तिरकी, घर तिरकं, भिंती तिरक्या. पाट तिरपा झाला, बुवा कोपऱ्याला नाक लावून बसले, आणि स्वयंपाकघराचं दार गेलं बरोब्बर पाठीमागं. मुलगी बघायला आलेला माणूस जातं बघत बसला! सांगा, तोंड करायचं तरी कुठं!

मी म्हटलं, "बुवा, जरा इकडं वळून..."

"जेवताना मान फिरवू नये. पूर्व म्हणजे काय ठाऊक आहे का, गंगाधरपंत?"

"उगवती, बुवा. लीला, कोशिंबीर आण."

"अंहं! पूर्व म्हणजे जे पुढं आहे ते! प्राची म्हणजे पुढं जाणारी! आपले पूर्वज सूर्याकडं तोंड करून उभे राहिले, म्हणून पुढची ती पूर्व, पाठची ती पश्चिम, उजव्या हाताची दक्षिण! साहेबाचा तो ओरिएंट, तोही लॅटिनमधला 'उगवणारा'च! जग एका बाजूला तोंड करून उभं राहिलं तेव्हा कुठं त्याला दिशा मिळाल्या!"

जग उभं राहिलं, पण माझी बहीण पाठीमागं उभी आहे त्याचं काय? लीला आली, वाकली, कोशिंबीर वाढली. बुवांना दिसल्या बांगड्या. भात आला, दिसली पळी. मी खाकरलो, "ही आमची लीला," तर म्हणाले, "लीला! ह्या शब्दाचंही मूळ मोठं गमतीचं..." गिरणीचा भोंगा झाला, ताक आलं, करकंबकर निघाले असतील, आणि बुवा अजून पूर्वेतच!

तेवढ्यात रुक्मिणीकाकू पदर खोचत बाहेर आल्या. "गंगाधरपंत, मुलगी आम्हाला पसंत आहे."

"अगं, पण मी अजून पाहिली नाही..."

"तुम्ही पूर्व बघा. मी मुलगी बघितली, हात बघितला, बोलणं बघितलं. मान नको, पान नको. अट एकच." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "ह्यांना ऐकणारं माणूस हवंय हो. बाळू उठून जातो, शाळेतली पोरं जांभया देतात, मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, आता कान किटले. रविवारी रविवारी येऊन बसत जाल?"

हळू म्हणजे काय, खोली ती केवढी! बुवांनी ऐकलं. नुसता ताकभात कालवत राहिले, त्या कोपऱ्याकडं तोंड करून. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. एवढं ज्ञान, आणि समोर बसायला आमचं जातं! दारामागं लीला पदर चावत उभी. मी म्हटलं, "बुवा, मी येईन. मला ऐकायचंय."

संध्याकाळी करकंबकर चहा पिऊन परत गेले. माघात लग्न झालं. लीला सुखात आहे, नवऱ्याबरोबर हसते, खिदळते, सासूची लाडकी झालीय. आणि मी? मी दर रविवारी पूर्व! पुढून पूर्व, मागून पूर्व, वेदातली पूर्व, साहेबाची पूर्व. ती संपायला होळी उलटली. गेल्या रविवारी बुवा म्हणाले, "झाली पूर्व." मी देवाला हात जोडले, उठलो, टोपी घातली, म्हटलं सुटलो! आता फार तर पश्चिम, दक्षिण, उत्तर, तीन दिशा, दिवाळीपर्यंत उरकतील...

"बसा, गंगाधरपंत," बुवांचा चेहरा असा फुललेला, "दिशा चार कुठल्या? कोपऱ्यांच्या चार धरा, आणि वरची, आणि खालची. दहा!"

काढली टोपी. बसलो.