आठ बोटांचा सेनापती

पावाच्या भट्टीपुढच्या रांगेत पाथरवट सिलो काखेत छोटी पुरचुंडी धरून उभा होता. त्याच्या पुढे म्हातारी अम्मिया शेजारीण क्लूतियाजवळ तणतणत होती.

“सेनापतीच्या पुतळ्याचं मुंडकं काढलं आणि नातवानं स्वतःचं बसवलं! भर चौकात!”

“सगळीकडे असंच करतात, आजी. धड तयारच होतं. आणि नातू काय परका आहे?”

“परका नाही, ऐतखाऊ आहे! आजोबा खेचरवाल्याचा पोर. इथून अनवाणी पलटणीत शिरला आणि सेनापती होऊन परतला. हा पालखीतून स्नानाला जातो, एवढाच याचा पराक्रम!”

“पण खाली नाव घराण्याचंच आहे ना?”

“आहे की! फक्त ‘खेचरवाल्याचा मुलगा’ एवढं खरवडून टाकलंय. पणजोबाची लाज वाटते मेल्याला!”

“हळू बोला, कुणी ऐकेल.”

“ऐकू दे! पुतळ्याचा डावा हात बघितलास? दोन बोटं नाहीत. नदीकाठच्या लढाईत माझ्या नवऱ्यावर आलेला वार सेनापतीनं त्या हातावर झेलला, म्हणून मला चार पोरं झाली. आणि त्या हाताच्या वर आता हे गुळगुळीत थोबाड!”

“बोटंही बसवून घेणार आहेत म्हणे. आजच.”

“त्याला म्हणावं, आधी स्वतःची दोन तोडून दाखव, मग आजोबाच्या अंगावर मिरव!”

पाव घेऊन म्हातारी वळली, तशी तिची नजर पुरचुंडीवर गेली.

“त्यात काय रे, सिलो?”

“काही नाही, आजी. दगडाचे दोन तुकडे.”