सोमाजीभाऊची दाढी

परीक्षेच्या गोष्टी मले नका सांगू बाप्पा! मी तं एका माणसाच्या दाढीपाई नापास होता होता वाचली.

चंद्रपूरले चित्रकलेच्या कॉलेजात होती तवाची गोष्ट. चेहरा काढाची परीक्षा दोन दिवसांची होती. समोर बसाले सोमाजीभाऊ, पोंभुर्ण्याकडं तलावात मासे धरणारे. जाळं टाकून बसाची सवय, म्हणून माणूस जराही हालत नव्हता. पण दाढी? पार छातीपर्यंत! पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते कागदावर उतरवली. मी मात्र खोडून खोडून थकली. नाकाखाली माझा कागद कोराच राह्यला. रातभर रडली.

दुसऱ्या दिवशी सोमाजीभाऊ आले, तं गाल गुळगुळीत!

सर ओरडले, "भाऊ, हे काय करून आले?"

"बायको म्हणे, चित्र निघून राह्यलं अन् असे भुतावानी जाता का? सकाळीच न्हाव्याकडं धाडलं जी."

पोरं डोक्शाले हात लावून बसली. सर एकेकाचा कागद पाहत माझ्यापाशी आले. म्हटलं, गेली मी!

"दाढी काऊन नाई काढली?" सरांनी इचारलं. मंग भाऊकडं पाह्यलं, अन् स्वतःच हासले. "बरं केलं. बाकीच्यांनो, घ्या खोडरबर!"

हनुवटी मी आरामात काढली.

सुटल्यावर भाऊले चहा पाजला. ते म्हणे, "पोरी, पुढच्या वेळी डोक्शाचे केसबी काढू का?"

"केस राहू द्या भाऊ," मी म्हटलं, "फक्त हात पाठीमागं धरून बसजा. मले बोटं जमत नाई."