रेवंदचिनीची पानं

दवाखान्याच्या बाकावर म्हातारी गुडघ्याच्या गोळ्यांसाठी नंबर लावून बसली होती. शेजारी दोघी जावा बोलत होत्या. लोकांच्या बोलण्यात कान घालायची तिला सवय नव्हती. कान आपले जात होते.

"सासूबाईंना सलाईन लावलंय, वहिनी. मूत्रपिंडाला धक्का बसलाय म्हणे."

"पण खाल्लं काय त्यांनी?"

"बाजारात नवीन आलीय ना, त्या रेवंदचिनीची पानं. ताटभर भाजी."

"अगं, ते तर औषध. पोट साफ व्हायला माझे वडील घ्यायचे."

"ते वाळवलेलं मूळ. लाल देठ साखर घालून शिजवतात. पानात मात्र विष असतं."

"शिजवली तरी?"

"तरी जात नाही. मी टाकत होते, तर म्हणाल्या, माहेरी उधळायलाच शिकलीस का?"

"आणि तू गप्प बसलीस?"

"त्यांच्यापुढे कोण बोलतं?"

म्हातारीच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली. आज सकाळी तिच्याही घरी लाल देठांची जुडी आली होती, आणि पानं टाकू पाहणाऱ्या सुनेला तिने चांगलंच झापलं होतं.

"मुली, वाजले किती?"

"साडेबारा, आजी."

"एकला माझी नातवंडं जेवतात. ह्या चिठ्ठीवर घरचा नंबर आहे, लाव."

"लागला. काय सांगू?"

"म्हणावं, पानांची भाजी फेकून दे."

"त्या म्हणताहेत, सासूबाईंनी सांगितल्याशिवाय फेकणार नाही."

म्हातारीने फोन ओढून घेतला.

"मीच बोलतेय, पोरी. तुझं बरोबर होतं. फेक."